मी एकटी, दोन लहान मुलं आणि अकरा तासांचं विमान: तयारीला सुरुवात कुठून करू?

चिमणपाखरू:

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांनी मी दोन्ही मुलांना घेऊन परदेशी निघतेय. थोरली साडेतीन वर्षांची आहे, धाकटा तोवर अकरा महिन्यांचा होईल. नवरा कामासाठी आधीच तिकडे गेलाय, म्हणजे सोबतीला कुणी नाही. पहिलं विमान साडेतीन तासांचं, मग चार तासांचा थांबा, मग अकरा तासांचं दुसरं विमान. तिकडचं घड्याळ आपल्या घरच्यापेक्षा आठ तास मागे.

एकटीने मी विमानाने फिरलेय, पण मुलांसोबत हा पहिलाच प्रवास. गेले पंधरा दिवस रात्री मुलं झोपली की याद्या वाचत बसते. एका यादीत त्रेसष्ट वस्तू होत्या! वाचून धीर यायचा तर पोटात गोळाच येतो. एवढं सगळं घेऊन मी चालणार कशी आणि बाळाला धरणार कशी?

म्हणून ज्यांनी हे खरंच केलंय त्यांना विचारतेय. बॅसिनेट, म्हणजे विमानात समोरच्या भिंतीला लावून देतात तो बाळाचा छोटा पाळणा, मागावं का? धाकट्याचं वजन आत्ता साडेआठ किलो आहे आणि तो धरून उभा राहायला लागलाय. थोरलीची वेगळीच काळजी: तिला मोठ्या आवाजाची फार भीती वाटते. मिक्सर लागला तरी कान झाकून दुसऱ्या खोलीत पळते. आणि एक प्रश्न, जो कुणाला विचारायचा तेच कळत नव्हतं: मला स्वतःला स्वच्छतागृहात जायचं असेल तर या दोघांचं काय करायचं?

निशिगंध:

चिमणपाखरू, तुझा शेवटचा प्रश्न वाचला आणि ठरवलं की आज कितीही उशीर झाला तरी उत्तर लिहूनच झोपायचं. चार वर्षांपूर्वी मी अशीच गेले होते. मुलगा चार वर्षांचा, मुलगी नऊ महिन्यांची, आणि मी एकटी. हाच प्रश्न मलाही पडला होता आणि कुठल्याच यादीत त्याचं उत्तर नव्हतं.

मला जे उमगलं ते एकच, आणि माझी बाकीची सगळी तयारी त्यातूनच ठरली. या प्रवासात तुला एकच हात असणार आहे. दुसऱ्या हातात कायम एक मूल असेल. त्यामुळे कुठलीही वस्तू बॅगेत टाकताना तिची गरज आहे का, एवढंच बघू नकोस. ती एका हाताने काढता, उघडता आणि परत ठेवता येते का, तेही बघ.

मी निघायच्या तीन आठवडे आधी हे घरात करून पाहिलं. मुलीला कडेवर घेतलं, बॅग खुर्चीखाली सरकवली आणि डायपर काढायला गेले. चेन ओढली तर बॅगच पुढे आली. चेन ओढायला एक हात आणि बॅग धरायला दुसरा, हे तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कशीबशी उघडली तर आत झिपलॉकच्या पिशव्या. त्या एका हाताने उघडतच नाहीत. दातांनी उघडली तर वाइप्स जमिनीवर आणि तोवर मुलगी रडायला लागलेली. हे घरात झालं म्हणून बरं. विमानातल्या दोन रांगांमधल्या तेवढ्याशा जागेत झालं असतं तर मला रडू आलं असतं.

मग मी चेनची बॅग बाजूला ठेवली आणि तोंड उघडं राहणारी, तळ सपाट असलेली पिशवी घेतली. जुन्या ओढणीच्या नाडीच्या छोट्या पिशव्या शिवल्या. प्रत्येक पिशवीत एका वेळेचं सगळं: एक डायपर, कोरड्या पिशवीत गुंडाळलेले सात-आठ वाइप्स, घाण डायपर टाकायला एक पिशवी, वर एक अंगडं. हात घालायचा, एक पिशवी उचलायची आणि चालू पडायचं, शोधाशोध नाही. डायपर दर दोन तासांना एक धरून वर सहा जास्तीचे घेतले होते. पहिलं विमान उशिरा सुटलं तेव्हा ते जास्तीचेच कामी आले.

पासपोर्ट आणि बोर्डिंग पास गळ्यातल्या चपट्या पाऊचमध्ये ठेव, पर्समध्ये नको. वाटेत ते दहा वेळा तरी काढावे लागतात.

बाळासाठी छातीशी बांधायची झोळी, म्हणजे कॅरिअर, घे. ती असली की हात मोकळा होतो. फक्त दोन ठिकाणी ती सोडावी लागेल हे धरून चाल: बहुतेक ठिकाणी सिक्युरिटीत बाळाला बाहेर काढायला सांगतात, आणि बऱ्याच विमान कंपन्या उड्डाण व उतरण्याच्या वेळीही बाळ झोळीत चालू देत नाहीत, मांडीवर घेऊन वेगळा छोटा पट्टा लावायला देतात. म्हणून जिचं बक्कल पाठीमागे हात नेऊन, न बघता उघडता येईल अशीच घे आणि रोज घरात दोनदा बांध-सोड कर.

आता स्वच्छतागृहाचं. बाळ झोळीत बांधायचं, थोरलीचा हात धरायचा आणि तिघांनी आत जायचं. जागा अगदी तोकडी असते, पण मावतं. मी पाच वेळा केलंय. जेवणाच्या गाड्या निघायच्या आत जाऊन ये. एकदा ती गाडी रांगेत आली आणि पुढ्यात ताटं आली की पाऊण तास हलता येत नाही. मला शेजारच्या एका आजींनी आपणहून विचारलं होतं, "मी बाळ धरू का?" मी बसल्या बसल्याच त्यांच्याशी बोलून ठेवलं होतं म्हणून त्यांना विचारावंसं वाटलं असेल. विमानातल्या कर्मचाऱ्यांनाही विचारता येतं, पण कामाच्या गडबडीत त्यांना जमेलच असं नाही.

तुझ्या थोरलीसाठी एक नीट सांगते, कारण माझा मुलगाही आवाजाला घाबरायचा. विमानातला फ्लश घरच्यासारखा नसतो. तो हवेच्या दाबाने खेचतो आणि क्षणभर फार मोठा आवाज होतो. मुलाला काही माहीत नसताना तो झाला तर पुढचे नऊ तास मूल आत पाऊलसुद्धा ठेवणार नाही. मी विमान वर स्थिरावल्यावर, त्याला गरज नसतानाच, नुसतं बघायला नेलं. तो दाराबाहेर उभा, दोन्ही कान झाकून. मी झाकण लावलं आणि म्हटलं, "आता तीन म्हणते हं, मग आवाज येईल." एक, दोन, तीन. दचकला, पण लगेच म्हणाला, "परत कर." त्यानंतर प्रत्येक वेळी आधी तो बाहेर जायचा आणि मग मी बटण दाबायची.

बॅसिनेटबद्दल माझं मत: माग, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. ते फक्त भिंतीसमोरच्या पुढच्या रांगेत लागतं, संख्येने मोजकीच असतात, आणि वजनाची मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी, बऱ्याच ठिकाणी दहा-अकरा किलोच्या आसपास. फोन करून वजनासोबत बाळाच्या उंचीबद्दलही विचार. धरून उभं राहणारं बाळ त्यात जागेपणी बसत नाही, उठून उभं राहतं. शिवाय पट्ट्यांचा दिवा लागला की झोपलेल्या बाळाला उचलून मांडीवर घ्यावंच लागतं. आमच्या विमानात रात्रीतून चारदा दिवा लागला आणि चारही वेळा ती जागी झाली. अजून एक गोष्ट: त्या रांगेत समोर सीट नसते, म्हणून उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी तुझी सगळी पिशवी वरच्या कप्प्यात जाते. नेमकं तेव्हाच काही लागलं तर हाताशी काहीच नसतं. एक वेळेची एक नाडीची पिशवी आणि पाण्याची बाटली समोरच्या भिंतीवर खिसा असेल तर त्यात, नाहीतर स्वतःच्या अंगावर ठेव. परवडत असेल तर बाळासाठी वेगळी सीट घेऊन विमानात चालणारी कार सीट नेणं सर्वांत सुरक्षित. पण ती उचलून चालणं एकटीला जड जाईल, हे आधीच सांगते.

आणि स्वतःसाठी एक जोडी कपडे. मी मुलांचे तीन-तीन जोड घेतले होते, माझा एकही नाही. दुसऱ्या विमानात चौथ्या तासाला मुलगी माझ्या खांद्यावरून खालपर्यंत ओकली. तिला पुसलं, बदललं, आणि मी त्याच कपड्यांत सात तास बसले. त्या वासाने थोड्या वेळात मुलालाही मळमळायला लागलं. आता कुणी विचारलं की मी पहिल्यांदा हेच सांगते: तुझा एक टी-शर्ट आणि सलवार पिशवीच्या तळाशी घाल.

खेळणी फार नेऊ नकोस. खाली पडलेली वस्तू उचलायला वाकायचं तर बाळ कुठे ठेवशील? मी चिकटून परत निघणारे स्टिकर आणि एक छोटी वही नेली होती. मुलाने अख्खी खिडकी स्टिकरांनी भरली आणि परत काढली, दीड तास.

वाटसरू:

निशिगंध यांनी एवढं लिहिल्यावर सामानाबद्दल मी काही बोलत नाही, फक्त कागदपत्रांचं सांगतो. चिमणपाखरूताई, तुम्ही एकट्या नेताय म्हणून हे तुमच्यासाठी सर्वांत आधी.

मुलांच्या वडिलांचं संमतीपत्र घ्या. कोणत्या तारखेला, कुठून कुठे, कोणासोबत मुलं जातायत, वडिलांचा पासपोर्ट क्रमांक आणि फोन, सगळं त्यात हवं, शक्य असेल तर नोटरी केलेलं. सगळीकडे विचारतातच असं नाही, पण मूल पळवून नेण्याचे प्रकार होतात म्हणून सीमेवरचे अधिकारी एकट्या पालकाला थांबवू शकतात. मी मुलीला एकटाच नेत होतो तेव्हा अधिकाऱ्याने मला बाजूला घेऊन बराच वेळ प्रश्न विचारले. मुलीलाही विचारलं, "आई कुठे आहे?" ती दोन वर्षांची, घाबरून गप्प. माझ्याकडे पत्नीचं पत्र आणि जन्मदाखला होता म्हणून सुटलो. तुमचं आणि मुलांचं आडनाव वेगळं असेल तर जन्मदाखला हवाच हवा. नवरा तिकडे आहे म्हणताय, तर पत्राला वेळ लागेल, आजच सांगून ठेवा.

पासपोर्टवरची मुदत बघा. लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत अनेक देशांत मोठ्यांपेक्षा कमी, पाचच वर्षं असते, आणि बऱ्याच ठिकाणी पोचल्यावर पुढे सहा महिने शिल्लक लागते. मांडीवरच्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट, स्वतःचा व्हिसा किंवा ऑनलाइन परवानगी आणि स्वतःचं तिकीट लागतं. मधल्या थांब्याच्या देशाचे नियमही तपासा.

परतीचं तिकीट काढताना धाकट्याच्या दुसऱ्या वाढदिवसावर लक्ष ठेवा. मांडीवरची सवलत दोन वर्षं पूर्ण होईपर्यंतच, आणि वय त्या त्या प्रवासाच्या दिवशीचं धरतात. येताना तो दोन वर्षांचा झालेला असेल तर त्याला सीट घ्यावी लागेल.

आणि बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते, पण मधल्या थांब्यावर ती दारातच परत मिळेल की थेट शेवटच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर, हे चेक-इनला विचारा. चार तास दोन मुलांना घेऊन गाडीशिवाय फिरणं फार कठीण आहे.

चिमणपाखरू:

निशिगंध, तुझं उत्तर दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना हात थोडे कमी थरथरले. वाटसरूदादा, संमतीपत्राचं मला माहीतच नव्हतं. नवऱ्याला आत्ताच मेसेज केलाय.

अजून तीन गोष्टी राहिल्यात. उतरताना कान दुखतात म्हणतात, त्याला काय करायचं? तिकडे गेल्या गेल्या ताप आला तर? आणि एका नातेवाइकांनी सुचवलंय की सर्दीचं औषध दिलं की मुलं वाटभर झोपतात. ते द्यावं का?

पाऊलवाट:

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या मुलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे मात्रा सांगणार नाही, पण या तिन्ही गोष्टींवर बोलणं गरजेचं आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. झोपेसाठी सर्दीचं औषध देऊ नका. काही मुलं त्याने पेंगतात, पण काहींना उलट चेव येतो आणि ती तासन्‌तास किरकिरत जागी राहतात. लहान बाळात श्वास मंदावण्याचाही धोका असतो. विमानात ते कळायला आणि सावरायला सोय नसते.

कानाचं. विमान चढताना केबिनमधला दाब कमी होतो, साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका. उतरताना तो पुन्हा वाढतो आणि पडदा आत ढकलला जातो. कान आणि घसा जोडणारी नळी मुलांमध्ये अरुंद आणि आडवी असते, त्यामुळे दाब सावकाश सारखा होतो. गिळताना ही नळी उघडते. म्हणून बाळाला उतरताना अंगावर पाजा किंवा बाटली द्या. घाई करू नका: चाकं टेकायच्या साधारण अर्धा तास आधीपासून विमान खाली यायला लागतं, तेव्हापासून थोडं थोडं. सगळं दूध पहिल्या पाच मिनिटांत संपलं तर पुढच्या पंचवीस मिनिटांना काही उरत नाही. थोरली झोपली असेल तर तेव्हा उठवा आणि स्ट्रॉने पाणी प्यायला द्या. झोपेत गिळणं कमी होतं आणि मूल दुखण्यानेच जागं होतं. निघायच्या आधी कोणाचा कान दुखत असेल किंवा मोठी सर्दी असेल तर डॉक्टरांना कान दाखवून मगच निघा. बाळाचं दूध, दुधाची पावडर आणि लागेल तेवढं पाणी १०० मिलीच्या नियमातून (हातातल्या बॅगेत त्याहून मोठ्या बाटलीत द्रव नेता येत नाही, तो नियम) बहुतेक ठिकाणी वगळतात, मात्र सिक्युरिटीत ते वेगळं काढून दाखवावं लागतं.

तापाचं औषध घरूनच न्या, आणि याचं कारण नीट समजून घ्या. पॅरासिटामॉलचं सिरप सगळ्या देशांत एकाच ताकदीचं नसतं. कुठे ५ मिलीत १२० मिग्रॅ, कुठे १६०, कुठे २५०. नावही बदलतं, अमेरिकेत याच औषधाला ॲसिटामिनोफेन म्हणतात. घरी ७.५ मिली द्यायची सवय असेल आणि तिकडच्या दुप्पट ताकदीच्या बाटलीतूनही तुम्ही तेवढंच दिलं, तर मूल दुप्पट औषध घेतं. म्हणून डॉक्टरांकडून मुलाच्या आत्ताच्या वजनाप्रमाणे मात्रा मिलीग्रॅममध्ये लिहून घ्या, औषधाच्या मूळ नावासकट, आणि मोजायची सिरिंज सोबत ठेवा. जेवणाच्या चमच्याने औषध देऊ नका. औषधं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसकट केबिन बॅगेत ठेवा. ओआरएसची पाकिटं घ्या, पण पाकिटावर जितकं पाणी लिहिलंय तितक्यातच मिसळा. कमी पाण्यात दाट केलं तर ते अपायकारक ठरतं.

लसींसाठी निघायच्या चार ते सहा आठवडे आधी जा, म्हणजे तुम्हाला आता फार दिवस नाहीत. धाकट्याची गोवराची लस विचारा. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेश प्रवासाआधी एक मात्रा द्यावी असा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. मात्र बारा महिन्यांच्या आत दिलेली मात्रा काही देशांच्या वेळापत्रकात धरत नाहीत आणि वाढदिवसानंतर पुन्हा द्यावी लागते. म्हणून लसीकरणाचं कार्ड सामानात न टाकता पासपोर्टसोबत ठेवा. तुमच्या मार्गावरचा कुठला देश पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र मागतो का, तेही बघा. ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यात घेऊन उपयोग नाही.

निशिगंध:

डॉक्टर, मात्रेचं तुम्ही लिहिलंत ते माझ्यासोबत होता होता राहिलं. पोचल्यावर तिसऱ्या रात्री मुलाला ताप चढला आणि मी तिकडच्या दुकानातून सिरप आणलं. आमच्या डॉक्टरांनी मिलीग्रॅममध्ये लिहून दिलं होतं म्हणून मी बाटलीवरचा आकडा वाचला. नाहीतर सवयीने तेवढंच ओतलं असतं.

चिमणपाखरू, आठ तासांच्या फरकाचं कुणी बोललं नाही, म्हणून एवढं लिहिते. शरीर साधारण दिवसाला एक तास सरकतं, त्यामुळे पहिला आठवडा असाच जाणार, हे आधी मान्य कर. तिकडे पहाटे दोन वाजता दोघं टक्क जागे होतील, कारण त्यांच्या पोटात सकाळचे दहा वाजलेले असतील. मी पहिल्या रात्री त्यांना थोपटून थोपटून परत झोपवायला गेले आणि तिघंही रडलो. दुसऱ्या रात्री मंद दिवा लावला, खायला दिलं, खाली चादर टाकून बसलो, आवाज न करता. दीड तासाने आपणहून झोपली. दुपार उलटल्यावर उजेडात नक्की ने, अगदी अंधार पडेपर्यंत. मागच्या घड्याळाकडे जाताना संध्याकाळचा उजेडच झोप पुढे ढकलतो. आणि पहिले तीन दिवस कोणाला भेटायचं ठरवू नकोस, अगदी नवऱ्याच्या सहकाऱ्यांनाही नाही.

चिमणपाखरू:

सगळ्यांचे मनापासून आभार. परवाची बालरोगतज्ज्ञांची वेळ घेतलीय, आणि संमतीपत्राचा मसुदा नवऱ्याकडून आला.

आज रात्री धाकट्याला कडेवर घेऊन माझी बॅग खुर्चीखालून काढून पाहिली. निशिगंध, अगदी तू लिहिलंस तसंच, चेन ओढली की बॅग पुढे येते. मी तिसऱ्यांदा ओढत होते तेव्हा थोरली समोर येऊन बसली, दोन्ही हातांनी बॅग धरली आणि म्हणाली, "आता उघड." उघडली. उद्या नाडीच्या पिशव्या शिवायला घेते, आणि विमान कंपनीला बॅसिनेटच्या वजनासाठी फोन करते.